आईनं सांगितलं होतं : लेकराच्या पोटातली गाठ आणि आपली चळवळ

हा लेख मी दोन वर्षं टाळत आले. कारण सरळ आहे. यातली पहिली चूक माझी आहे.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात, बौद्धपुऱ्यातल्या विहारात, वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. वाचन संपलं, खिरीचे ग्लास वाटून झाले, आणि एक आई दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, याचं पोट पाहा बरं. न्हाऊ घालताना उजव्या अंगाले हाताले दगडावानी लागते."

मी अमरावती विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. जात, गरिबी, कुपोषण यांचे तक्ते आम्ही पाठ केलेले. काडीसारखे हातपाय आणि पुढं आलेलं पोट दिसलं की माझ्या डोक्यात तो तक्ता आपोआप उघडतो. त्या दिवशीही उघडला. मी म्हटलं, "जंत असतील वहिनी. जंताची गोळी दिली होती का? अंगणवाडीचा आहार देत जा." तिच्या हाताला जे लागलं होतं, त्यावर मी माझा हात ठेवूनसुद्धा पाहिला नाही.

अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये त्या पोराचं वजन बरं होतं. त्यामुळं कोणालाच काळजी वाटली नाही. पुढं मुंबईला डॉक्टरांनी समजावलं की पोटात मोठी गाठ असली तर काट्यावर गाठीचंही वजन येतं. अशा मुलाच्या दंडाचा घेर मोजावा लागतो. म्हणजे लेकरू वाळत होतं, गाठ वाढत होती, आणि दोघांची बेरीज आमच्या रजिस्टरमध्ये व्यवस्थित बसत होती.

दोन महिने असेच गेले. एका खासगी दवाखान्यात "लिव्हर वाढलं" म्हणून टॉनिकची बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. आजीनं कावीळ समजून माळ घातली. एका सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन होतं, पण ती करणारा डॉक्टर त्या दिवशी नव्हता. आईची दिवसभराची मजुरी बुडाली आणि ती परत आली. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर मी पुन्हा त्या गावात गेले, तेव्हा पोटावरच्या निळ्या शिरा लांबूनही दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी अकोल्याला सोनोग्राफी झाली. यकृतात गाठ होती, माझ्या मुठीपेक्षा मोठी.

आई माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "म्या सांगतलं व्हतं ना ताई."

हा आजार काय आहे

आजाराचं नाव हेपॅटोब्लास्टोमा. यकृताचा हा कर्करोग लहान मुलांनाच होतो, आणि बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आत. दारू, तंबाखू, खाणंपिणं यांच्याशी त्याचा संबंध नाही. गर्भात यकृत घडत असताना ज्या कोवळ्या पेशी असतात, तशा पेशींची ही गाठ. बहुतेक गाठींच्या पेशींत बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला सापडतो. हा बदल बहुतेकदा आईबापाकडून आलेला नसतो, त्या पेशीतच झालेला असतो. काही थोड्या मुलांत आनुवंशिक कारण असतं. जन्मतः अतिशय कमी वजनाच्या बाळांत हा आजार जास्त आढळतो, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

सोनोग्राफीनंतर रक्ताची एक तपासणी करतात, अल्फा-फीटोप्रोटीनची. या आजाराच्या दहापैकी साधारण नऊ मुलांत हे प्रथिन खूप वाढलेलं असतं. आमच्या पोराचा आकडा लाखांत होता. मग सीटी स्कॅन, सुईनं घेतलेला तुकडा, आणि उपचार.

आता महत्त्वाची गोष्ट. हा आजार बरा होतो. सिस्प्लॅटिन हे त्यावरचं मुख्य औषध जुनं आहे, १९७८ पासून वापरात आहे. आधी औषधानं गाठ आकसवायची, मग यकृताचा तेवढा भाग कापून काढायचा. यकृत पुन्हा वाढतं. गाठ काढता येण्यासारखी नसेल तर यकृत बदलण्याचा मार्ग असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गाठ फुफ्फुसात वगैरे पसरलेली नाही अशा कमी धोक्याच्या मुलांना फक्त सिस्प्लॅटिन आणि शस्त्रक्रिया दिली, तेव्हा तीन वर्षांनंतर शंभरातली ९५ मुलं जिवंत होती. पसरलेल्या गाठीत हे प्रमाण खाली येतं. म्हणून इथं प्रत्येक आठवडा मोजायचा असतो, आणि आम्ही दोन महिने घालवले.

'दुर्मीळ' म्हणजे कोणासाठी?

हा आजार दुर्मीळ आहे हे खरं. दरवर्षी दहा लाख मुलांमागे एखाद-दोन. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार होती आणि अकोल्याची १८ लाख १३ हजार. यातली पाव भाग मुलं धरली, तर दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला एखादं-दोन लेकरू. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर निवृत्त होईपर्यंत असं एकही मूल पाहणार नाही, हे शक्य आहे.

म्हणून मला कोणी म्हणतं, "ताई, तुमची काय चूक? इतका दुर्मीळ आजार कोणाला ओळखता येणार?" हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या दिवशी मला हेपॅटोब्लास्टोमा ओळखायचा नव्हताच. आईच्या हाताला काहीतरी टणक लागतंय, एवढं ऐकायचं होतं आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी करायची होती. मूत्रपिंडाची विल्म्स ट्यूमर असो, न्यूरोब्लास्टोमा असो की यकृताची गाठ असो, लहान मुलांच्या पोटातल्या बऱ्याच गाठी अशाच सापडतात: आंघोळ घालताना, तेल लावताना, कपडे बदलताना, आईच्या हाताला. नाव दुर्मीळ असेल, पण "पोटात टणक लागलं तर फोटो काढा" हा नियम दुर्मीळ नाही. त्याला एम.बी.बी.एस. लागत नाही.

गाठ जात पाहून होत नाही, हेही स्पष्ट लिहिते, कारण आपल्यातले काहीजण प्रत्येक गोष्टीत जात शोधतात असा आरोप होतो. पेशीला आडनाव नसतं. पण आईनं सांगितल्यापासून औषधाचा पहिला थेंब शिरेत जाईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळेला मात्र आडनाव असतं, पत्ता असतो, मजुरीचा दर असतो. अमरावतीतल्या एखाद्या प्राध्यापकाच्या घरातली आई "टणक लागतंय" म्हणाली असती, तर संध्याकाळपर्यंत सोनोग्राफी झाली असती. निंदणाला जाणाऱ्या बाईचं बोलणं मात्र आपण "अडाणी आहे" म्हणून बाजूला ठेवतो. आणि 'आपण' म्हणजे फक्त प्रस्थापित नव्हेत. त्यात मीही होते, निळा दुपट्टा गळ्यात घालून.

विळा आणि बाटली

आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, लेकराचं पोट फुगलं की गरम विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी राज्यभर गाजली. तेव्हा आपल्या वॉट्सअॅप ग्रुपवर किती तावातावानं लिहिलं गेलं! ते लिहिणं योग्यच होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालापासून आहे, तो वापरला गेलाच पाहिजे.

पण सपाटीवरच्या आपल्या गावांत काय चालतं? विळा नाही, टॉनिकची बाटली आहे. न तपासता दिलेलं सलाइन आहे, काविळीची माळ आहे. फुगलेल्या पोटाचं कारण न शोधता त्यावर काहीतरी करून मोकळं व्हायचं, ही वृत्ती तीच. आदिवासी भूमकाला शिव्या देणं सोपं आहे. माझ्या "जंत असतील वहिनी"ला काय म्हणायचं?

कोणती गोष्ट सांगायची

निदान झालं त्या रविवारी विहारात सगळे जमले. एक वयस्क उपासक काकाजी त्या आईजवळ बसले आणि त्यांनी तिला किसा गौतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं बाळ घेऊन फिरणारी आई, आणि ज्या घरात कोणीच मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला सांगणारे तथागत. काकाजींचा हेतू चांगला होता. त्यांना तिला धीर द्यायचा होता. पण तिचं लेकरू तिच्या मांडीवर बिस्कीट खात होतं! ते जिवंत होतं, आणि आम्ही तिला मरण स्वीकारायची गोष्ट सांगत होतो.

बुद्ध वाङ्मयात दुसरीही गोष्ट आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडं पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं, आणि मग संघाला विचारलं की तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार. विनयपिटकातली ही गोष्ट आपल्या विहारात मी क्वचितच ऐकली आहे.

त्याच बैठकीत मागून एक बाई पुटपुटली, "मागच्या जन्माचं काहीतरी असन." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! मागच्या जन्माच्या कर्माचा हा सिद्धांत गरिबाला त्याच्या दुःखाचा दोषी ठरवतो, म्हणून बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्याची कठोर तपासणी केली. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि कारण शोधता येतं. गाठीचं कारण पेशीत होतं. उशिराचं कारण आमच्यात होतं. मागच्या जन्मात काहीच नव्हतं.

अमरावती-मुंबई एक्स्प्रेस

मूर्तिजापूर ते मुंबई सहाशे किलोमीटरहून जास्त. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण सवलत मिळते, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. आमच्या गाडीत त्या डब्यात आणखी दोन कुटुंबं 'टाटा'ला चालली होती. वऱ्हाडातल्या माणसाला 'टाटा' म्हटलं की मीठ किंवा ट्रक आठवत नाही, परळ आठवतं.

उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बसवायचा होता. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण आमचं घोडं कुठं अडलं? लेकराचं नाव रेशनकार्डात चढवलेलंच नव्हतं. दीड वर्षाचं पोर, त्याचं आधारही नाही. तहसीलच्या त्या तीन चकरांत मला कळलं की कागदावर नसलेलं लेकरू आजारीसुद्धा पडू शकत नाही.

मुंबईत राहायचं कुठं? परळच्या फुटपाथवर झोपणारी कुटुंबं मी पाहिली. आम्हाला काही दिवसांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला. ज्या विद्यापीठात मी शिकले त्याला त्यांचं नाव आहे, पण त्यांच्या कामाचा अर्थ मला त्या धर्मशाळेच्या जिन्यात, केस गेलेली लेकरं चेंडू खेळताना पाहून कळला. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीजवळ वलगावला ते गेले. मंदिर नको, माणसाला राहायला जागा द्या, हे त्यांचं म्हणणं आजही दादरला उभं आहे.

औषध सुरू झालं. दोन केमोनंतर आकडा लाखांतून हजारांत आला. आणि तेव्हाच बाप म्हणाला, "ताई, आता घरी नेतो." कापसाची वेचणी सुरू झाली होती. घरी दुसरी पोरगी आजीजवळ होती. दोन बकऱ्या विकून झाल्या होत्या. गावाकडून फोन यायचे: कॅन्सर म्हणजे गेलाच, कशाला पैसे घालता, दुसरं होईल. योजनेत औषध बसतं. मजुरी, भाकर, भाडं बसत नाही.

उपचार अर्धवट सोडून जाणं हे आपल्याकडं मुलांच्या कर्करोगातलं मरणाचं मोठं कारण आहे, हे मला तिथल्या समाजसेवा विभागात कळलं. टाटाच्या बालविभागाशी जोडलेलं इम्पॅक्ट फाउंडेशन राहणं, खाणं, पैसे, समुपदेशन यांची जुळणी करतं, आणि त्यामुळं तिथं सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खूप कमी झालं आहे. म्हणजे बाप अडाणी म्हणून पळत नाही. पोटाची सोय झाली की तो थांबतो. आमचा बापही थांबला. गावातल्या सात पोरांनी एक रविवार त्याच्या शेतात वेचणी केली. मक्त्याचं तीन एकर शेत. मी इतकी भाषणं ऐकली आहेत, पण मैत्री या शब्दाचा अर्थ मला त्या रविवारी समजला.

चार लेकरं

६ डिसेंबरला आम्ही मुंबईतच होतो. चैत्यभूमीच्या रांगेत ती आई मला म्हणाली, "ताई, बाबासाहेबायचीबी लेकरं गेली व्हती ना?"

गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. रमाईची चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. आपण हे दरवर्षी जयंतीच्या भाषणात सांगतो, रमाईचा त्याग म्हणून सांगतो, डोळे पुसतो. पण ती लेकरं त्यागासाठी जन्मली नव्हती. औषध आणि पैसा वेळेवर असता तर त्यातलं एखादं वाचलं असतं का, हा प्रश्न आपण विचारत नाही. बाबासाहेब मात्र रडून थांबले नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ते प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. पुढं त्यांच्या हातून घडलेल्या संविधानाच्या कलम ४७ नं लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तातडीचा उपचार नाकारणं हा कलम २१ चा भंग आहे असा निकाल दिला. आपल्या हातात एवढं सगळं आहे.

सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचा जीव गेला. त्यांनी आधी त्या पोराच्या सामाजिक परिस्थितीचं विश्लेषण केलं नाही. आधी उचललं.

आपण काय करायचं

कार्यकर्त्यांनो, मी तुम्हाला नवीन संघटना काढायला सांगत नाही. आहे त्या विहारात हे करता येईल.

एक, प्रत्येक विहारात एक आरोग्य वही ठेवा. लेकराच्या पोटात टणक लागणं, पिवळेपणा, न थांबणारा ताप, डोळ्यात पांढरी चमक, असं आईनं काही सांगितलं की तारीख टाकून लिहा आणि आठ दिवसांत डॉक्टरकडं सोबत जा. पोट वारंवार दाबू नका, ते काम डॉक्टरचं.

दोन, गावातल्या प्रत्येक लेकराचं नाव रेशनकार्डात आहे का ते पाहा. आजारी पडल्यावर नाही, आज.

तीन, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवं. ते येतं तेव्हा तीन वर्षांखालची लेकरं बहुधा घरी किंवा आईसोबत शेतात असतात. तारीख आधी विचारा, दवंडी द्या, लेकरं आणा.

चार, १४ एप्रिलला रक्तदान ठेवा, आणि प्लेटलेट देणाऱ्यांची यादी वर्षभर चालू ठेवा. केमोनंतर आमच्या पोराला गावात रात्री ताप भरला, तेव्हा डीजेवाल्याची गाडी होती म्हणून आम्ही तासाभरात अकोल्याला पोचलो. गाडी आपल्याकडं असते, तिचा उपयोग ठरवायचा आहे.

पाच, अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांतल्या मुलांच्या तपासण्या, रक्त, तापाचे उपचार आणि मधल्या केमो टाटाच्या सल्ल्यानं अमरावती किंवा अकोल्यातच सरकारी रुग्णालयात व्हाव्यात, ही मागणी घेऊन उभं राहा. स्मारकाच्या मागणीला आपण हजारोंनी जमतो. या मागणीला शंभर तरी जमू.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. आता पोरगं साडेतीन-चार वर्षांचं आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासतो, आकडा ठीक आहे. सिस्प्लॅटिननं त्याच्या कानावर परिणाम केला, बारीक आवाज त्याला ऐकू येत नाहीत. औषधानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं तर ऐकू न येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येतं, असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा आमच्या सगळ्या केमो होऊन गेल्या होत्या. आता कानाच्या मशीनसाठी धावपळ चालू आहे, आणि शाळेत त्याला पहिल्या बाकावर बसवा म्हणून मी सांगून आले आहे.

मागच्या वर्षावासात त्याच विहारात दुसरी एक बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, पोरीचं पोट दुखतं. मी आधी हात धुतले, पोरीला सतरंजीवर निजवलं आणि पोटावर हलका हात ठेवला. मऊ होतं. जंतच होते.

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही सोनोग्राफीला गेलो.

जयभीम.